तापीतील दगडी हत्ती

कोकणातील नद्यांचा स्वभाव आमच्या वाचकांस परिचित आहे. सह्याद्रीवर मेघ कोसळला की ते पाणी काही तासांतच खाडीस मिळते. सावध होण्यास अवकाश थोडाच. तापीची गोष्ट निराळी. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावणारी ही सूर्यकन्या ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ सागरास मिळते. वरच्या पुराची वार्ता पुराच्या आधी खाली पोहोचविता येते. पुराचा पूर्वअंदाज वर्तविण्याचे शास्त्र याच अवकाशावर उभे आहे.

या वाटेवर निमाडातील बऱ्हाणपूर लागते. तेथील किल्ल्याखाली, नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. १६१० मध्ये तेथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याचे वर्णन केले आहे. मूर्ती इतकी हुबेहूब, की पाणी पिण्यास आलेल्या एका जिवंत हत्तीने तिला धडक देऊन आपलेच दोन्ही सुळे मोडून घेतले, असे तो सांगतो. तिच्या कपाळास तांबडा रंग असे व लोक तिला पूजीत, हेही तो नोंदवितो. मात्र त्या भाविकांस तो भोळे समजतो. आम्हांस तसे वाटत नाही. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यांस पात्रातील प्रत्येक खडक आणि घाटाची प्रत्येक पायरी हे मापच असते. गजराजाचे पाय बुडाले, पाठ बुडाली, मस्तक दिसेनासे झाले, की घरातील धान्य वर चढविण्याची वेळ झाली हे कोणी सांगावे लागत नाही.

तथापि हत्ती आताचे पाणी सांगतो, उद्याचे नव्हे. उद्याचे पाणी नदीच्या वरच्या अंगास विचारावे लागते. आपल्या देशात असा शास्त्रीय पूर्वअंदाज १९५८ मध्ये दिल्लीस यमुनेवर प्रथम सुरू झाला. त्याची मूळ रीत साधी आहे: वरच्या ठाण्यावर पाणी अमुक चढले, तर खालच्या ठाण्यावर ते किती वेळाने व किती चढते, हे अनेक वर्षांच्या नोंदींवरून ठरवावयाचे. पुढे पर्जन्यमापकांची व गणकयंत्रांची जोड मिळाली. आज बऱ्हाणपूर हे केंद्रीय जल आयोगाचे जलमापन ठाणे आहे. मात्र खाली चांगदेवाच्या देवालयापाशी पूर्णा तापीस मिळते. म्हणून एकट्या बऱ्हाणपुरावरून सुरतेचा अंदाज बांधता येत नाही.

अंदाज असूनही अनर्थ टळतोच असे नाही. १९६८ च्या महापुराने सुरत बुडाली. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सुमारे ९ लक्ष क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग पुन्हा पाण्याखाली गेला. सिंचनास व विजेस धरण भरलेले हवे, पुरास ते रिते हवे. या ओढाताणीत पूर्वसूचनेचे मोल ती किती आधी मिळते व किती धैर्याने मानली जाते, यावर ठरते.

नदीतीरावरील देवालयांच्या व्यवस्थापकांस आमची एक विनंती आहे. पूर ज्या पायरीपर्यंत चढला, तेथे रेघ कोरून वर्ष घालावे. जुन्या पुरांच्या अशा खुणा शास्त्रज्ञांस आजही उपयोगी पडतात, आणि घाटावर नव्याने घर बांधणाऱ्यास तर त्याहून अधिक.