नर्सिंग शिकवणारे पुरुष आणि आपली मुले

महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेत नर्सिंग शिकवणाऱ्याच्या पदाचे नाव आहे ‘पाठ्यनिर्देशिका’. आजूबाजूची पदेही अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पुल्लिंग करायला जावे तर शब्द ‘परिचर’च्या जवळ जातो, आणि परिचर म्हणजे शिपाई! वॉर्डात ‘ब्रदर’, वर्गात ‘सर’ म्हणून वेळ निभावते.

हा साचा फार जुना नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली ती स्त्रियांसाठी, आणि तीच पद्धत इंग्रजी अमलात इकडे आली. लष्करी परिचर्या सेवेचा १९४३ चा अध्यादेश स्त्रियांसाठीच होता. ‘एम्स’च्या नर्सिंग भरतीत २०१९ मध्ये स्त्रियांना ८० आणि पुरुषांना २० टक्के जागा ठरल्या. सरकारी दार असे अरुंद, म्हणून पदवी घेतलेली मुले खासगी महाविद्यालयांत शिकवायला लागतात.

तिथे खरी अडचण प्रसूतिकक्षाची. मिडवाइफरी हा विषय मुलांनाही शिकावा लागतो, पण पुरुष शिक्षक शिकवू लागला की भुवया उंचावतात. त्याच खोलीत पुरुष डॉक्टर येतो, त्याला कोणी अडवत नाही. बाळंतिणीने नको म्हटले तर तिचाच शब्द अखेरचा, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र तो नियम डॉक्टरलाही लागू हवा.

अर्धापूरहून नांदेडला नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुलाला आणखी एक टोमणा बसतो : पुन्हा घाणच काढायची का? हा प्रश्न जातीच्या जखमेतून येतो, त्याला हसून चालणार नाही. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती जन्माने गळ्यात मारलेली कामे. नर्सिंगला शिक्षण लागते, परिषदेची नोंदणी लागते, पगार मिळतो. महावग्गात अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूवर बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात, त्यांत मलमूत्राची किळस न बाळगणे हा एक. ते शुश्रूषक पुरुषच होते.

एएनएम मुलींसाठी आहे. तीन वर्षांचे जीएनएम आणि चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग मुलांना खुले आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करावा. आणि प्रवेशाआधी महाविद्यालयात एवढे विचारून घ्यावे : मुलांना प्रसूतिकक्षात प्रत्यक्ष काम देता, की नुसत्या पुतळ्यावर शिकवता?