वर्तनाधारित मोटार विमा

चालकाच्या प्रत्यक्ष वाहन चालविण्याची नोंद घेऊन विमाहप्ता ठरविण्याची पद्धती. पारंपरिक विम्यात चालकाचे वय, वाहनाचा प्रकार, ठिकाण व पूर्वीचे दावे यांवरून जोखमीचा अंदाज बांधतात. या पद्धतीत वेग, अचानक लावलेला ब्रेक, एकूण अंतर, रात्रीचा प्रवास व गाडी चालविताना मोबाइलचा वापर यांची माहिती गाडीतील यंत्राद्वारे किंवा मोबाइल अ‍ॅपद्वारे गोळा करून चालकाला गुण देतात. त्यांनुसार हप्त्यात सवलत मिळते. काही योजनांत हप्ता वाढतोही.

अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये असा प्रयोग केला. ब्रिटनमध्ये मोठा हप्ता भराव्या लागणाऱ्या तरुण चालकांत गाडीत नोंद घेणारे यंत्र बसवून दिला जाणारा ‘ब्लॅक बॉक्स’ विमा रूढ झाला. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये अंतर व चालविण्याची पद्धत यांवर आधारित पूरक विमासंरक्षणास मुभा दिली. तृतीय पक्ष विम्याचे मूळ दर केंद्र सरकार ठरवीत असल्याने ही सवलत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यापुरती असते.

खासगीपणाचा भंग हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप. शिवाय अपघात टाळण्यासाठी दाबलेला ब्रेकही दोष ठरू शकतो आणि रात्रपाळीच्या कामगारांचे गुण विनाकारण घटू शकतात.