दुकानातला उजेड, घरातला अंधार

कोणत्याही वस्तूचा इतिहास लिहिताना ती कोणी शोधली, कोणी बनवली आणि कितीला विकली हे नोंदवले जाते. ती निवडली कशी गेली, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. वस्तू बाजारात टिकली म्हणजे ती सरस होती आणि नाहीशी झाली म्हणजे ती कमअस्सल होती, असे आपण धरून चालतो. हाय डेफिनिशन प्लाझ्मा टीव्हीच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. भिंतीवर टांगता येणारा हा रुंद, चपटा टीव्ही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या आकांक्षेचा विषय होता. २०१४ च्या अखेरीस तो बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही उत्पादन थांबवले. तो हरला हे खरे; पण कोणत्या कसोटीवर हरला, हा प्रश्न उरतोच.

प्लाझ्माचा पडदा करमणुकीसाठी जन्माला आला नव्हता, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष जवळची वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ नावाची संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याची प्रणाली आकाराला येत होती. विद्यार्थ्यासमोर मजकूर आणि आकृती दाखवायच्या, तर त्या काळी चित्रनलिकेचाच पडदा हाताशी होता. त्या पडद्यावरचे चित्र क्षणार्धात विझते. टिकवायचे तर ते सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटावे लागते आणि त्यासाठी ते कोठेतरी साठवून ठेवावे लागते. संगणकाची स्मृती तेव्हा फार महाग होती. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये वायूने भरलेल्या सूक्ष्म कोशांचा काचेचा पडदा तयार करून ही अडचण ओलांडली. एकदा पेटलेला कोश विझवण्याचा संकेत मिळेपर्यंत पेटलेलाच राही. पडदाच आपले चित्र लक्षात ठेवी. १९७० च्या दशकात ‘प्लेटो’च्या विद्यार्थ्यांसमोर आलेला ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा नारिंगी पडदा तो हाच.

त्याच १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले आणि त्यानंतर जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने उद्याचा टीव्ही कसा असावा याचे संशोधन हाती घेतले. त्या संशोधनाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून झाला. माणूस पडद्यापासून किती दूर बसतो, चित्र किती रुंद असले म्हणजे त्याला आपण त्या दृश्याच्या आत आहोत असे वाटते, रेषा किती असल्या म्हणजे त्या वेगळ्या दिसेनाशा होतात, असे ते प्रश्न होते. त्यातून ११२५ रेषांची ‘हाय-व्हिजन’ प्रणाली निघाली आणि चित्राच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून ते पाहावे, हा दंडकही निघाला. हाय डेफिनिशन म्हणजे केवळ ठिपक्यांची संख्या नव्हे. ते पडदा आणि पाहणारा यांच्यामधल्या अंतराचे गणित आहे. हा मुद्दा पुढे बाजाराच्या गलबल्यात हरवला, म्हणून येथे आवर्जून नोंदवतो.

या दोन प्रवाहांची गाठ पडणे अपरिहार्य होते. एवढे मोठे चित्र दाखवणारी चित्रनलिका घरात मावणारी नव्हती आणि उचलवणारीही नव्हती. फुजित्सूने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत प्लाझ्मा पडदा आणला आणि १९९५ मध्ये ४२ इंची. १९९७ मध्ये फिलिप्सने अमेरिकेत विक्रीला ठेवलेल्या ४२ इंची संचाची किंमत सुमारे १५,००० डॉलर होती. त्या वेळच्या दराने पाच लाख रुपयांहून अधिक. फुजित्सूच्या त्या ४२ इंची पडद्यावर ८५२ गुणिले ४८० ठिपके होते, म्हणजे तो हाय डेफिनिशन नव्हताच. पायोनियरने १९९७ मध्ये ५० इंची हाय डेफिनिशन प्लाझ्मा आणला, तरीही चपटा आणि रुंद तो हाय डेफिनिशन, हा समज ग्राहकांत पुढेही कित्येक वर्षे टिकून होता.

निवडीचा पेच समजण्यासाठी दोन पडद्यांच्या घडणीतला फरक लक्षात घ्यावा लागतो. प्लाझ्मात दोन काचांमध्ये निऑन आणि झेनॉन वायूंचे लक्षावधी कोश असतात. विजेच्या दाबाने वायू प्रज्वलित होतो, त्यातून अतिनील किरण निघतात आणि कोशाच्या आतला लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः निर्माण करतो. जेथे काळे हवे तेथे तो जवळजवळ विझलेला राहतो. एलसीडीची रीत उलटी आहे. तेथे मागे दिवा लावलेला असतो आणि पुढचे द्रवस्फटिक झडपेसारखे तो उजेड अडवतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा रंग राखाडी होतो. बाजूने पाहिले तर रंग उतरतात. त्या काळच्या एलसीडीवर वेगाने सरकणारी आकृतीही पुसट होई. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहायचा, तर त्या दशकात प्लाझ्माचे पारडे निःसंशय जड होते.

आणि तरीही २००८ च्या दिवाळीपूर्वी आम्ही उभयता टीव्ही घ्यायला गेलो, तेव्हा एलसीडी घेऊन परतलो. दुकानात छतभर ट्यूबलाइट होत्या. भिंतीवर ओळीने संच लावलेले होते आणि सर्वांवर एकच चित्रफीत चालू होती : फुले, पोपट, निळा समुद्र. एलसीडीचे पडदे त्या झगमगाटातही उठून दिसत होते. प्लाझ्माच्या काचेत मात्र वरच्या ट्यूब आणि आमचेच चेहरे उमटले होते. शिवाय पडद्याचा बराचसा भाग पांढरा झाला की वीज आवरण्यासाठी प्लाझ्मा आपला उजेड स्वतःच कमी करतो, त्यामुळे तो शेजाऱ्यापुढे म्लान दिसे. विक्रेता खोटे काही बोलला नाही. तो एवढेच म्हणाला, “साहेब, तुम्हीच बघा ना, कुठला छान दिसतोय.” आम्ही पाहिले आणि जे दिसले ते निवडले. तो उजेड, तो उभ्याने पाहण्याचा कोन आणि ते पोपट यांपैकी काहीच आमच्या घरी असणार नव्हते, हे मात्र ध्यानात आले नाही.

दुसरा भुलावा आकड्यांचा होता. प्लाझ्माचे कोश फार लहान करणे कठीण असल्याने ४२ इंची संचावर बहुधा १०२४ गुणिले ७६८ ठिपके असत आणि त्यास ‘एचडी रेडी’ म्हणत. एलसीडीवर त्याच आकारात १९२० गुणिले १०८० ठिपके मिळत. ते ‘फुल एचडी’. ‘फुल’ शब्द समोर असताना ‘रेडी’ कोण घेईल? पण एनएचकेचे गणित येथे मांडून पाहावे. ४२ इंची पडद्याची उंची सुमारे ५२ सेंटिमीटर. तिची तिप्पट म्हणजे जेमतेम पाच फूट. आमच्या दिवाणखान्यात सोफा आणि समोरची भिंत यांत दहा फुटांचे अंतर आहे. तेवढ्या अंतरावरून सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला त्या दोन पडद्यांच्या ठिपक्यांतला फरक ओळखता येणे जवळपास अशक्य. तो दिसावा म्हणून ८० इंची पडदा लागला असता. जो गुण दिसणार नव्हता त्याचे पैसे आम्ही मोजले आणि जो रोज रात्री दिसला असता तो सोडून दिला.

त्यातही आपल्याकडची अवस्था अधिक विलक्षण होती. भारतातील तेव्हाचे प्रसारण ६२५ रेषांच्या पाल पद्धतीचे. त्यांतल्या ५७६ रेषाच चित्राच्या. हाय डेफिनिशनचे प्रसारण दूरदर्शनने सुरू केले ते ऑक्टोबर २०१० मधील दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने. खासगी डीटीएच सेवांनीही त्याच वर्षी त्यात जोर धरला. म्हणजे त्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी हाय डेफिनिशन टीव्ही घेतला, त्यांनी मोठ्या घागरीत वाटीभर पाणी ओतले. कार्यक्रम चारास तीन या प्रमाणातले, पडदा सोळास नऊचा. दोन्ही कडांना काळे पट्टे आले की घरातील कोणीतरी म्हणे, “एवढे पैसे दिले आणि पडदा रिकामा?” मग चित्र ताणून बसवले जाई. मालिकांतल्या सासवा-सुना आडव्या रुंदावल्या आणि गोलंदाजाच्या हातातला चेंडू अंडाकृती झाला. महिन्याभरात डोळा त्याला सरावला. रिकाम्या जागेपेक्षा विपरीत चित्र आपल्याला अधिक सहन होते, असा त्याचा अर्थ असावा.

प्लाझ्माविरुद्धचे आक्षेप खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. वृत्तवाहिनीची पट्टी किंवा क्रिकेटचा धावफलक तासन्‌तास एकाच जागी राहिला, तर तेथला लेप अधिक झिजून डाग उरण्याची भीती असे. पुढच्या काळातील संचांत ती पुष्कळ कमी झाली, पण दुकानात ती तशीच सांगितली जाई. विजेचा प्रश्न अधिक गंभीर होता. तेवढ्याच आकाराच्या एलसीडीपेक्षा प्लाझ्मा सहसा जास्त वीज घेई आणि महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षे होती; इन्व्हर्टरवर टीव्ही चालेल का, हा प्रश्न चैनीचा नव्हता. शिवाय एलसीडी मोबाइलपासून संगणकापर्यंत सर्व आकारांत बनत असल्याने त्याचे कारखाने अवाढव्य झाले आणि किंमत घसरत गेली. प्लाझ्माला लहान पडद्यांचा आधारच नव्हता. त्याच्या पराभवाचे सगळे खापर ट्यूबलाइटवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे होईल. परंतु त्याचा मुख्य गुण ज्या परिस्थितीत कळतो, ती परिस्थिती निवडीच्या क्षणी कधीच उपस्थित नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते.

शेवटची वर्षे तर शोकान्त वाटावीत अशी आहेत. २००७ मध्ये पायोनियरने ‘कुरो’ नावाची मालिका आणली. जपानीत कुरो म्हणजे काळा. कोश पेटण्यास सज्ज राहावा म्हणून त्यात जी मंद धग ठेवावी लागते, ती या कंपनीने इतकी कमी केली की जाणकारांनी त्या काळ्या रंगाला कित्येक वर्षे प्रमाण मानले. त्यानंतर दोनच वर्षांत, फेब्रुवारी २००९ मध्ये, पायोनियरने टीव्हीचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा थांबवला आणि पुढच्या वर्षी सॅमसंग व एलजी यांनी. कला ऐन भरात असताना दुकान मिटले.

आम्हांस हे सारे कळले ते फार उशिरा, एका सहकाऱ्याच्या घरी. त्यांच्याकडे जुना प्लाझ्मा अजून चालू होता आणि त्या रात्री दिवे मालवून ‘कागज के फूल’ लावला होता. १९५९ च्या या चित्रपटासाठी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओच्या अंधारात तो झोत उतरवला होता. हा चित्रपट आम्ही आमच्या टीव्हीवर दोनदा पाहिला होता आणि तो झोत आम्हांस ठाऊक होता. भोवतालचा अंधार मात्र ठाऊक नव्हता. आमच्याकडे तो राखाडी धुके होता. येथे तो अंधार होता आणि म्हणूनच झोत झोत होता. घरी परतताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

ओएलईडी पडद्यात आता प्रत्येक ठिपका पुन्हा स्वतःच्या उजेडाने पेटतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो. प्लाझ्माचा गुण दुसऱ्या देहाने परतला आहे. दुकाने मात्र अजून तशीच झगझगीत आहेत आणि भिंतीवर पोपटही तेच आहेत. पुढच्या खेपेस आम्ही घरातले अंतर टेपने मोजून जाणार आहोत, सोबत एक कृष्णधवल चित्रपट नेणार आहोत आणि विक्रेत्याला विनंती करणार आहोत की दोन मिनिटे दिवे घालवा. तो हसेल, कदाचित नकारही देईल. तरी विचारायला हवे. २००८ साली आम्ही विचारले नव्हते.