'चेक इंजिन'चा दिवा आणि अडखळणारे इंजिन

लातूर-बार्शी मार्गावरील मुरुड येथे चहापाण्यासाठी मोटार थांबते. गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागते, आवाज अनियमित होतो आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिस' करू लागलेली असते. स्कॅनर लावला की एक संकेतांक मिळतो. त्यात ज्या भागाचा उल्लेख असेल तो भाग लगेच बदलण्याकडे अनेकांचा कल असतो. काही हजार रुपये खर्च होतात आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. याचे कारण सोपे आहे. संकेतांक हे लक्षण असते, निदान नव्हे.

संकेतांकाची भाषा

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना 'ओबीडी-२' ही स्वयंनिदान प्रणाली सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ मानकांबरोबर तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये, तर दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. ही मानके प्रारंभी दिल्ली परिसर आणि मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांपुरती होती. देशभर ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे त्यापूर्वीच्या काही गाड्यांत ही प्रणाली अपुरी असू शकते.

स्कॅनर जोडण्याचे १६ पिनांचे सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली असते. संकेतांकातील 'पी' हे अक्षर इंजिन व गिअर यंत्रणा दर्शवते. त्यापुढील शून्याचा अर्थ तो संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे, तर १ असल्यास तो सहसा कंपनीचा स्वतःचा असतो. तिसऱ्या स्थानावरील अंकाने उपयंत्रणा कळते. १ व २ म्हणजे हवा आणि इंधन, ३ म्हणजे ज्वलन, ५ म्हणजे वेग व आयडलिंगचे नियंत्रण. 'पी०३०२' याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे मात्र त्यातून कळत नाही.

निदानाचा क्रम

पहिली पायरी म्हणजे संकेतांक पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवणे. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान व इंजिनवरील भार यांची नोंदही प्रणालीत असते. बॅटरीची तार काढून दिवा विझवल्यास हा पुरावा नष्ट होतो आणि दोष तसाच राहतो.

त्यानंतर इंजिन कधी अडखळते हे पाहावे. केवळ उभ्या गाडीत अडखळून वेग वाढवताच ते सुरळीत होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरत असण्याचा संशय घ्यावा. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेते, म्हणून फुटलेल्या रबरी नळीतून येणारी अल्प हवाही मिश्रण बिघडवते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा वाढल्यास 'पी०१७१' हा संकेतांक येऊ शकतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सर बदलणे व्यर्थ ठरते, कारण तो खरी माहितीच देत असतो.

सर्व वेगांना एकच सिलिंडर मिस करत असेल आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. 'पी०३०२' ऐवजी 'पी०३०३' आल्यास दोष कॉइलचाच ठरतो. संकेतांक न बदलल्यास प्लग, इंजेक्टर व कॉम्प्रेशन क्रमाने तपासावेत. या चाचणीला नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

मराठवाड्यातील धूळ आणि उन्हाळाही येथे विचारात घ्यावा लागतो. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर भरतो. तो सैल बसला असल्यास धूळ थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते. उन्हाळ्यात वातानुकूलन सुरू असताना इंजिनवरील भार वाढतो आणि मळलेल्या थ्रॉटल बॉडीचा दोष अधिक जाणवतो. ती साफ केल्यानंतर अनेक गाड्यांत स्कॅनरद्वारे आयडलिंग पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

स्थिर दिवा, लुकलुकणारा दिवा

दिवा स्थिर असून गाडी नीट चालत असेल, तेलदाब व तापमानाचे इशारे नसतील, तर सावकाश लातूरपर्यंत जाऊन तपासणी करता येते. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. न जळालेले इंधन धुराड्याच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचून तेथे पेटते आणि तो अतितापतो. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे आणि गाडी टो करून न्यावी. एका प्लगची किंवा कॉइलची किंमत वाचवताना कन्व्हर्टर गमावला, तर त्याचा खर्च कित्येक पटींनी अधिक असतो.

भाग बदलण्यापूर्वी 'हाच भाग सदोष आहे हे कोणत्या चाचणीने ठरले?' हा एक प्रश्न वाहनधारकाने अवश्य विचारावा. त्याचे उत्तर केवळ संकेतांकाचा क्रमांक असेल, तर तपासणी अद्याप पूर्ण झालेली नाही असे समजावे.