इंजिनच्या पिवळ्या दिव्याचा इतिहास

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आणि त्याच सुमारास गाडीचे अ‍ॅव्हरेज उतरले, की दोन्हींचा संबंध जोडला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. तरीही हा दिवा पेट्रोल वाचवण्यासाठी बसवलेला नाही. शहराची हवा बिघडू नये म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तो कायद्याने सक्तीचा केला. तो कोणता बिघाड सांगतो आणि कोणत्या बिघाडावर गप्प राहतो, याचे उत्तर या इतिहासात आहे.

कार्बोरेटरच्या काळात गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली की मिस्त्री आधी प्लग काढून पाही. टोकावर काजळी धरली असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, टोक पांढरट पडले असेल तर हवा जास्त, आणि फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. मग जेट साफ करणे, चोक अडकला आहे का ते पाहणे, पॉइंटमधले अंतर जुळवणे अशी कामे होत. ही परीक्षा नजरेची आणि कानाची होती. मुरलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून मिश्रण जुळवी आणि ते पुष्कळ अंशी बरोबर निघे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी याच हातांवर वर्षानुवर्षे चालल्या. डॅशबोर्डवर दिवे तेव्हाही होते. अमेरिकेच्या हडसन कंपनीने 1930च्या दशकातच ऑइलचा दाब आणि चार्जिंग यांसाठी काट्यांऐवजी दिवे बसवले होते. पण इंजिन आत काय जाळते आहे, हे सांगणारा दिवा नव्हता.

ती गरज निर्माण झाली लॉस एंजेलिसमध्ये. जुलै 1943मध्ये त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके उतरले. लोकांचा पहिला संशय कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. धुरक्याचा खरा उगम कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी शोधला. ते तोवर अननसाच्या स्वादामागच्या रसायनांचा अभ्यास करत होते. 1950च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले, की न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणजे धुरक्याचे मोठे मूळ शहरातल्या मोटारींच्या एक्झॉस्टमध्ये होते. मोटार कंपन्यांना हे सहज पटले नाही. 1967मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडेच आले. 1970च्या संघीय कायद्याने मोटारींच्या धुरावर देशभर कडक मर्यादा घातल्या.

त्या पाळण्यासाठी 1975च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिसे असलेल्या पेट्रोलने ते निकामी होत, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही कन्व्हर्टरमध्ये एकाच वेळी निवारायची, तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सतत राखावे लागे, आणि ते कार्बोरेटरला जमण्यासारखे नव्हते. बॉशने बनवलेला ऑक्सिजन सेन्सर 1976मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बसवला. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला नसेल तर हा सेन्सर साधारण 0.9 व्होल्ट देतो, जास्त उरला असेल तर 0.1 व्होल्टच्या आसपास. त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. प्लगचा रंग पाहून मिस्त्री जे ताडत असे, ते आता क्षणोक्षणी मोजले जाऊ लागले.

मोजणारे यंत्र आले तसा त्याच्या बिघाडाचा प्रश्नही आला. जनरल मोटर्सने 1981च्या गाड्यांत ‘चेक इंजिन’ दिवा दिला. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधली दोन टोके तारेने जोडली की तो उघडझाप करून आकडे सांगे. एकदा लुकलुकून थांबला आणि मग दोनदा लुकलुकला, की तो 12 हा कोड. इंजिन बंद असताना हा कोड दिसला म्हणजे यंत्रणा स्वतः ठीक आहे. 44 म्हणजे एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त, 45 म्हणजे पेट्रोल जास्त. कॅलिफोर्नियाने 1988च्या मॉडेलांपासून गाडीची अशी स्वयंतपासणी, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स (ओबीडी), सक्तीची केली. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, कोड वेगळे. गॅरेजवाल्याने किती यंत्रे बाळगायची? दुसऱ्या टप्प्याने, म्हणजे ओबीडी-2ने, हा घोळ मिटवला. 1996पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना 16 पिनांचे एकच सॉकेट आणि समान कोड आले. पी0172 म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, पी0420 म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता घटलेली, हे तेव्हापासून कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू झाले. पेट्रोल गाड्यांच्या बहुतेक बिघाडांसाठी दिव्याचा उंबरठा ठरला तो धुराचा: प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याआधी दिवा लागला पाहिजे. दिवा लुकलुकू लागला, तर इंजिन मिसफायर करत आहे आणि न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकेल, असा त्याचा अर्थ.

अ‍ॅव्हरेज आणि दिवा यांचे नाते इथे उलगडते. सेन्सर जुना होऊन ऑक्सिजन खोटाच जास्त दाखवू लागला, तर संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत जातो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन तापत नाही आणि थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल चालूच राहते. त्याचा कोड पी0128. याउलट टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ब्रेक धरून राहत असेल, तर पेट्रोल वाया जाते, पण मिश्रण बिघडत नाही आणि दिवाही लागत नाही. कोड हा सुटा भाग दाखवत नाही, फक्त लक्षण सांगतो. पी0171, म्हणजे हवा जास्त, हा कोड फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपमुळे येतो, मळलेल्या एअर फ्लो सेन्सरमुळे येतो, मंदावलेल्या इंधन पंपामुळेही येतो. कोड वाचला की लगेच सेन्सर बदलायचा, ही गॅरेजांत रुजलेली सवय ग्राहकाला महागात पडते. संगणकाने पेट्रोल किती टक्के वाढवले वा घटवले, तो फ्युएल ट्रिमचा आकडा आधी पाहावा. तो दहा टक्क्यांच्या बराच पलीकडे गेला असेल तर शोधाला दिशा मिळते. स्कॅनरने कोड पुसल्याने दिवा विझतो, पण कारण तसेच राहते.

भारतात कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल एप्रिल 1995मध्ये चार महानगरांत आले. 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय मर्यादांचा आदेश दिला आणि मोटारींतून कार्बोरेटर झपाट्याने हद्दपार झाला. भारत स्टेज 4 या प्रदूषण मर्यादांबरोबर एप्रिल 2010मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल 2013मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. पीयूसी केंद्रावर मात्र आजही धूर नळीतूनच मोजला जातो; अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 1996नंतरच्या गाडीची तपासणी सॉकेटमधून होते. एप्रिल 2020मध्ये भारत स्टेज 6 आले आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकली व स्कूटरांत इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि तोच पिवळा दिवा बसला. कार्बोरेटर जुळवणाऱ्या गल्लीतल्या मिस्त्रीलाही स्कॅनर विकत घ्यावा लागला.