बीजाची साक्ष

नंदुरबार जिल्ह्यात पाऊस ओसरला की पाणथळ जागी जांभळ्या फुलांचा काटेरी तालीमखाना दिसू लागतो, माळावर पिवळी कोरांटी फुलते आणि परसात अडुळसा पांढरा फुलोरा धरतो. रूपाने इतकी भिन्न असलेली ही झाडे ॲकँथेसी या एकाच कुळातील भावंडे आहेत, हे कशावरून ओळखावे? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी बीजात दडले आहे.

या झाडांचे सुकलेले बोंड तडकते, तेव्हा प्रत्येक बीज एका टणक, वाकड्या आकड्यावर टेकलेले आढळते. हाच आकडा बीजाला दूर भिरकावतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेस फॉन एसेनबेक यांनी या आकड्यांच्या असण्या-नसण्यावरून कुळाचे विभाग पाडले. भावंडांतील भेदही बीजच सांगते. कोरांटीच्या बोंडात दोन लवदार बीजे असतात. अडुळशाच्या बोंडात अधिकात अधिक चार, तीही खडबडीत व लवहीन. तालीमखान्याची बीजे पाण्यात पडताच बुळबुळीत होतात, हे तर आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे.

मुंबई इलाख्यातील या कुळाचा सांगोपांग अभ्यास एका येशूसंघीय धर्मगुरूने केला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. स्पेनमध्ये जन्मलेले फादर हर्मेनेगिल्ड संतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. ‘द ॲकँथेसी ऑफ बॉम्बे’ हा त्यांचा प्रबंध १९५१ चा. त्या काळी नंदुरबार पश्चिम खानदेशात मोडे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. फादर पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये ते निवर्तले.

त्यानंतर जनुकांची परीक्षा आली. आकडेधारी झाडे खरोखरच एका वंशाची आहेत, असा निर्वाळा तिने दिला. परंतु २००२ मध्ये तिनेच आपल्या खाडीकाठच्या तिवरालाही याच कुळात आणून बसविले, आणि तिवराच्या बीजाला तर आकडा नाही! आकडा असणे हा नात्याचा पुरावा ठरला, तरी आकडा नसणे हा परकेपणाचा पुरावा ठरत नाही. एका खुणेवरून कुणाला आपल्या कुळाबाहेर ठेवू नये, एवढा विवेक या चिमुकल्या बीजाने शिकविला.