चीनमधील कम्युनिस्ट राजवट: शेत, घर, शाळा आणि मस्जिदीवर झालेला परिणाम

इल्म मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, हे वाक्य आपल्याकडे मदरशापासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे ऐकायला, वाचायला मिळतं. मुहद्दिसांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे. पण त्या निमित्ताने चीनचं नाव लहानपणापासून आपल्या कानावर असतं. प्रत्यक्ष चीनबद्दलची आपली माहिती मात्र दोन टोकांची असते. एक तर तिथल्या स्वस्त वस्तू आणि वेगवान रेल्वे, नाहीतर उइघुर मुस्लिमांवरच्या जुल्माच्या बातम्या. ही दोन्ही चित्रं एकाच राजवटीची आहेत. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ त्से तुंग यांनी बीजिंगमध्ये लोकसत्ताक चीनची घोषणा केली. तेव्हापासून तिथल्या साध्या कुटुंबाच्या आयुष्यात काय बदललं, ते थोडक्यात पाहू.

जमीन आणि लग्न

सत्तेवर आल्यावर कम्युनिस्टांनी १९५० मध्ये दोन मोठे कायदे केले. पहिला जमिनीचा. जमीनदारांच्या जमिनी काढून भूमिहीनांना वाटल्या गेल्या. सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना जमीन मिळाली, असं सरकारी आकडे सांगतात. पण ही वाटणी शांततेत झाली नाही. गावोगाव जमीनदारांना लोकांसमोर उभं करून अपमानित केलं गेलं आणि लाखोंचे जीव गेले.

दुसरा कायदा विवाहाचा. बालविवाह, जबरदस्तीचं लग्न आणि रखेल ठेवण्याची प्रथा यांवर बंदी आली. मुलीची संमती आवश्यक झाली आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. निकाहात मुलीची रजामंदी लागतेच, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण जुन्या चिनी समाजासाठी हा मोठा बदल होता. स्त्रिया मोठ्या संख्येने शेतात, कारखान्यात आणि शाळेत दिसू लागल्या.

चूल गेली, धान्यही गेलं

वाटलेली जमीन शेतकऱ्याकडे फार काळ राहिली नाही. १९५८ मध्ये ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ म्हणजेच मोठ्या झेपेची मोहीम सुरू झाली. शेतं एकत्र करून सुमारे २६ हजार कम्यून तयार केले गेले. घरची चूल बंद होऊन सगळ्यांचं जेवण सामुदायिक भोजनालयात होऊ लागलं. पोलाद बनवायचं म्हणून गावातल्या भट्ट्यांमध्ये घरातली भांडीसुद्धा वितळवली गेली.

वरिष्ठांना खूश करण्यासाठी अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे कळवत. त्या आकड्यांवरून सरकार धान्य उचलून नेई, आणि पिकवणारा उपाशी राही. १९५९ ते १९६१ या काळातल्या दुष्काळात किती लोक मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी १९५९ मध्ये माओंना हे धोरण चुकतंय असं लिहून कळवलं, तर त्यांचंच पद गेलं. अमर्त्य सेन यांनी भारत आणि चीनची तुलना करताना हाच मुद्दा मांडला आहे. जिथे वर्तमानपत्रं आणि विरोधी पक्ष मोकळे असतात, तिथे एवढा मोठा दुष्काळ लपवता येत नाही. त्याच वेळी रोजच्या आरोग्याच्या आणि कुपोषणाच्या बाबतीत भारत चीनच्या मागे राहिला, हेही सेन यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं आहे.

याच काळात हुकोऊ म्हणजेच कुटुंबनोंदणी कडक झाली. आपल्या रेशन कार्डासारखी ही नोंद, पण तिच्यावर माणूस कुठे राहू शकतो हेही ठरायचं. खेड्यातल्या माणसाला शहरात जाऊन धान्य, शाळा, दवाखाना मिळणं अवघड झालं. तिथल्या गाव-शहर दरीचं हे एक मुख्य कारण आहे.

शाळा, दवाखाना आणि लिपी

१९४९ मध्ये चीनमधले सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते, असं मानलं जातं. १९५६ पासून चिनी अक्षरं सोपी करण्यात आली, १९५८ मध्ये उच्चारासाठी रोमन लिपीवर आधारलेली पिनयिन पद्धत आली आणि साक्षरतेचे वर्ग गावागावात पोहोचले. २०२० च्या जनगणनेत निरक्षरता ३ टक्क्यांच्याही खाली होती. थोडं प्रशिक्षण घेतलेले ‘अनवाणी डॉक्टर’ खेड्यात लस आणि औषधं पोहोचवू लागले. या कामाला कमी लेखून चालणार नाही.

पण लिपीची दुसरी बाजूही आहे. उइघुर भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. सरकारने तिथे लॅटिन लिपी लादली आणि १९८२ मध्ये पुन्हा अरबी लिपीकडे परतावं लागलं. मधल्या पिढीला आपल्याच आजोबांनी लिहिलेलं वाचता येईना. घरात उर्दू असूनही मुलांना ती वाचता येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. तिथे मात्र हे हुकमाने झालं.

सांस्कृतिक क्रांती आणि मस्जिदी

चीनमध्ये मुस्लिमांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. सरकारने दहा मुस्लिम जमातींना मान्यता दिली. त्यात हुई आणि उइघुर सर्वांत मोठ्या. १९५३ मध्ये चीनची इस्लामिक असोसिएशन स्थापन झाली, १९५५ मध्ये शिनजियांग आणि १९५८ मध्ये निंगशिया हे ‘स्वायत्त प्रदेश’ झाले.

पण १९५८ पासूनच मस्जिदी बंद होऊ लागल्या होत्या. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीत तर ‘जुनं ते सगळं मोडा’ असा आदेशच निघाला. रेड गार्ड म्हणजे शाळा-कॉलेजची मुलं. त्यांनी मंदिरं, चर्च, मस्जिदी फोडल्या, धर्मग्रंथ जाळले आणि आपल्याच शिक्षकांना मारहाण केली. काही ठिकाणी मुस्लिमांना डुकरं पाळायला लावलं गेलं. युन्नान प्रांतातल्या शादियान गावात हुई मुस्लिम मस्जिद उघडण्याची मागणी करत होते. जुलै १९७५ मध्ये सैन्याने गावावर हल्ला केला, त्यात सुमारे १६०० माणसं मेली. १९७९ मध्ये सरकारने ती कारवाई चुकीची होती असं मान्य केलं.

विद्यापीठ प्रवेशपरीक्षा दहा वर्षं बंद होती. ती १९७७ मध्ये सुरू झाली तेव्हा ५७ लाख मुलं बसली आणि जागा मिळाली जेमतेम २ लाख ७३ हजारांना. एका पिढीचं शिक्षण वाया गेलं होतं.

मोकळीक, आणि एकच मूल

१९७८ पासून डेंग शियाओपिंग यांनी शेती पुन्हा कुटुंबाच्या हाती दिली आणि व्यापार मोकळा केला. पुढच्या चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अति गरिबीतून बाहेर आले. मस्जिदी उघडल्या, हजला जाणं पुन्हा सुरू झालं. राजकारणात मात्र मोकळीक नव्हती, हे १९८९ मध्ये तिआनानमेन चौकात दिसलं.

याच सरकारने १९८० च्या सुमारास ‘एक कुटुंब, एक मूल’ हे धोरण आणलं. दंड, सक्तीचा गर्भपात, नसबंदी यातून ते राबवलं गेलं. अल्पसंख्याकांना काही सवलत होती. मुलगाच हवा या हव्यासापायी मुलींचे गर्भ पाडले गेले. २०१० च्या सुमारास १०० मुलींमागे ११८ मुलगे जन्मत होते. एकुलत्या मुलाचं एकुलत्या मुलीशी लग्न झालं की त्यांच्या बाळाला ना चाचा, ना फुफी, ना मामू, ना खाला. नातीच संपली. २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेय.

आजची स्थिती

२०१७ पासून शिनजियांगमध्ये लाखो उइघुर आणि इतर मुस्लिमांना छावण्यांमध्ये ठेवलं गेलं. चीन त्यांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात, असं म्हटलं. तिथला जन्मदर दोन वर्षांत, २०१७ ते २०१९ दरम्यान, हजारी सुमारे १६ वरून ८ वर आला. निंगशियासारख्या भागातही ‘चिनीकरणा’च्या नावाखाली मस्जिदींचे घुमट आणि मिनार उतरवले गेले.

यातून काय समजून घ्यायचं?

साक्षरता देणारं आणि भांडी वितळवणारं सरकार एकच होतं. त्याला ‘थांबा’ म्हणणारं कोर्ट, वर्तमानपत्र किंवा विरोधी पक्ष तिथे नव्हता, म्हणून चूक कळेपर्यंत कोट्यवधी घरं उद्ध्वस्त झाली. त्यात मुस्लिमांपेक्षा कितीतरी जास्त सामान्य हान चिनी होते. त्यामुळे राग धरायचा तर तो जुल्मावर, चिनी माणसावर नाही.

शादियान गावातच जन्मलेले मा जियान इजिप्तमध्ये अल-अझहरला शिकले आणि पुढे पेकिंग विद्यापीठात अरबीचे प्राध्यापक झाले. कुरआनचं चिनी भाषांतर हे त्यांचं आयुष्याचं काम. १९७८ मध्ये ते वारले आणि तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, संपूर्ण भाषांतर छापून आलं. आज चिनी मुस्लिम घरांत सर्वांत जास्त वाचलं जाणाऱ्या भाषांतरांपैकी ते एक आहे.